गुडघ्यांचे दुखणे आणि मांडीचे बळ



आरतीच्या वेळी मंदिरात उभे असता एक दृश्य आम्हांस वारंवार दिसते. वर्षानुवर्षे नित्यनेमाने दर्शनास येणारी एखादी वृद्ध माउली पायऱ्यांपाशी येऊन थांबते, वर कळसाकडे पाहून हात जोडते आणि तेथूनच माघारी फिरते. विचारले असता उत्तर ठरलेले असते, "गुडघे साथ देत नाहीत हो आता." पुढे काही महिन्यांनी ती पायरीपर्यंत येणेही थांबवते. घरचे म्हणतात, "आई, तू आता आराम कर." या आरामातच तिचे मंदिर सुटते, शेजार सुटतो, भजन सुटते आणि गुडघे मात्र पूर्वीपेक्षा अधिकच दुखू लागतात.

असे का होते आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख येथे देत आहोत. लेखाचा सारांश आरंभीच सांगतो. झिजलेला गुडघा पूर्ववत करता येत नाही, परंतु त्या गुडघ्याला सांभाळणारी मांडी पुन्हा बळकट करता येते आणि हे काम कोणत्याही वयात आरंभता येते.

१. गुडघ्यात नेमके काय होते

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात, तेथे दोहोंच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेमुळे हाडे एकमेकांवर न घासता सहज सरकतात. वयोमानाने, वाढलेल्या वजनाने, जुन्या दुखापतीने किंवा वर्षानुवर्षांच्या कष्टाने हा थर पातळ व खडबडीत होतो, हाडांच्या कडांना टोके फुटतात, सांध्याच्या आतील अस्तरास अधूनमधून सूज येते. यालाच डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. बोलीभाषेत आपण त्याला गुडघ्यांची झीज किंवा नुसते संधिवात म्हणतो. सकाळी उठल्यावर काही मिनिटे गुडघा आखडणे, जिना उतरताना कळ येणे, मांडी घालून बसल्यावर उठताना आधार लागणे आणि गुडघा वाकवताना कुरकुर आवाज होणे, ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

आमवात हा आजार निराळा आहे. त्यात हातांच्या बोटांसह अनेक सांधे सुजतात व सकाळचा आखडलेपणा बराच वेळ टिकतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी शेकडा सुमारे १८ जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले आणि दुखणाऱ्या जागांमध्ये गुडघा अग्रभागी होता. आमवाताचे प्रमाण मात्र शेकडा अर्ध्याच्या आसपास होते. म्हणजे गुडघा दुखणारे आपल्या भोवती पुष्कळ असले, तरी त्यांतील थोड्यांनाच आमवात असतो.

भिगवण हे शेतकऱ्यांचे गाव आहे. आमच्या दादऱ्याच्या पंचक्रोशीतही ज्यांनी आयुष्यभर पावसात वाकून भाताची आवणी केली, डोक्यावरून भारे वाहिले, किंवा कारखान्यात यंत्रासमोर पाळीभर उभ्याने काम केले, अशांचीच संख्या मोठी आहे. त्यांना हे दुखणे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. त्यांना सांगावयाचे ते पुढील गोष्टीविषयी.

२. झीज गुडघ्याची, अशक्तपणा मांडीचा

मांडीच्या पुढच्या बाजूस चार स्नायूंचा एक मोठा गट असतो. हे चारही स्नायू खाली एकत्र येऊन एका जाड पट्ट्यात मिळतात. गुडघ्याची वाटी या पट्ट्यातच बसलेली असते आणि पट्ट्याचे खालचे टोक नडगीच्या हाडास जोडलेले असते. या गटाला डॉक्टर क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघा सरळ करणे हे त्याचे एक काम झाले. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे, ते म्हणजे गाडीच्या ब्रेकप्रमाणे आपले वजन सावकाश खाली उतरवणे. खुर्चीवर बसताना आपण धपकन पडत नाही, पायरी उतरताना गुडघा एकदम मुडपत नाही, याचे श्रेय या स्नायूंना आहे.

गुडघ्यावर प्रत्यक्षात किती भार येतो हे जर्मनीत बर्लिन येथील संशोधकांनी मोजले. शस्त्रक्रियेने बसवलेल्या कृत्रिम सांध्यातच त्यांनी मापक यंत्रणा ठेवली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीनुसार सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा अधिक, जिना चढताना तिपटीहून अधिक आणि उतरताना सुमारे साडेतीनपट भार येतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर पायरी उतरताना दोनशे किलोंहून अधिक भार पडतो, असा याचा अर्थ झाला. हा भार झेलण्यास मांडी समर्थ असेल तर सांध्यास बसणारा हिसका सौम्य होतो. मांडी दुर्बल असेल तर तोच हिसका सांध्यास सोसावा लागतो. पुष्कळांना चढण्यापेक्षा उतरतानाच अधिक त्रास का होतो, याचे एक मोठे कारण येथे सापडते.

३. विश्रांतीचे दुष्टचक्र

गुडघा दुखू लागला की आपण तो पाय जपून टाकतो, जिना टाळतो, उठबस कमी करतो. स्नायूंचा धर्म असा की त्यांना काम दिले नाही तर ते रोडावतात. मांडी रोडावली की गुडघ्याचा आधार कमी होतो, आधार कमी झाला की दुखणे वाढते आणि दुखणे वाढले की आपण अधिक विश्रांती घेतो. या चक्रात वर्षभर सापडलेल्या व्यक्तीच्या दोन्ही मांड्यांकडे पाहिले तर दुखऱ्या बाजूची मांडी डोळ्यांनाही बारीक दिसते.

यात आणखी एक गुंता आहे. सांध्यात सूज किंवा पाणी असेल तर तेथून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांमुळे मांडीचे स्नायू पुरत्या जोराने आवळलेच जात नाहीत. निरोगी माणसाच्या गुडघ्यात थोडे खारे द्रव सोडून केलेल्या प्रयोगांतही, वेदना नसताना, मांडीचा जोर उतरल्याचे दिसले आहे. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात वृद्धांवर केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही आढळले की, ज्यांच्या एक्स-रेमध्ये झीज दिसत होती परंतु गुडघा दुखत नव्हता, अशांचीही मांडी अशक्त होती. म्हणून "दुखते म्हणून वापरत नाही आणि वापरत नाही म्हणून अशक्त" एवढीच ही कथा नाही. मांडीचा अशक्तपणा दुखण्याच्या आधीपासूनही असू शकतो. म्हणून ज्यांचे गुडघे आज दुखत नाहीत, अशा पन्नाशीपुढील भाविकांनीही हा लेख आपल्यासाठीच आहे असे समजावे.

४. गेलेले बळ परत येते काय

"आता या वयात काय व्यायाम करायचा?" हा प्रश्न आम्हांस नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर १९९० मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे मिळाले. डॉ. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या बळाचा व्यायाम देखरेखीखाली दिला. या व्यक्तींचे सरासरी वय ९० वर्षे होते. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली आणि दोघांनी चालताना काठी घेणे सोडले. नव्वदीत जर हे घडू शकते, तर साठी-सत्तरीस निराश होण्याचे कारण नाही.

ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत, अशांवरही परीक्षणे झाली आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या परीक्षणात साठीपुढील ४३९ जणांना दीड वर्ष पाहण्यात आले. काहींना चालण्याचा व्यायाम, काहींना वजन घेऊन बळाचा व्यायाम आणि काहींना केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे व दैनंदिन अडचणी तिसऱ्या गटापेक्षा कमी राहिल्या. लाभ माफक होता, परंतु तो निश्चित होता.

येथे अतिशयोक्ती करणे आम्हांस उचित वाटत नाही. व्यायामाने कूर्चा पुन्हा उगवत नाही, एक्स-रे बदलत नाही आणि प्रत्येकास सारखाच गुण येतो असेही नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ जणांच्या परीक्षणात दीड वर्षाअखेर भारी वजनांच्या व्यायामाने हलक्या वजनांपेक्षा अधिक आराम पडला नाही. इतकेच नव्हे तर, ज्यांना केवळ माहितीची सत्रे मिळाली त्यांच्या तुलनेतही वेदनेतील फरक फारसा नव्हता. यातून दोन बोध घ्यावेत. जड वजने उचलण्याच्या फंदात पडू नये, हा एक. दुखणे समूळ जाईल या आशेने आरंभ न करता, पायरी चढता यावी व खुर्चीवरून आधाराविना उठता यावे या हेतूने आरंभ करावा, हा दुसरा.

५. आपले बळ कसे तपासावे

सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी. तीवर मध्यभागी बसून दोन्ही हात छातीवर दुमडून घ्यावेत. घरातील कोणास तरी घड्याळ लावण्यास व जवळ उभे राहण्यास सांगावे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. अमेरिकेत वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी ठरवलेल्या मापानुसार ६० ते ६४ वर्षांच्या पुरुषास १४ व स्त्रीस १२, तर ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषास १२ व स्त्रीस १० पेक्षा कमी वेळा जमत असेल तर पायांचे बळ सरासरीहून कमी समजतात. हातांचा आधार घेतल्याविना एकदाही उठता येत नसेल तर आकडा शून्य धरावा. त्यात संकोच मानू नये. तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावे.

६. घरी करावयाचे व्यायाम

पुढील व्यायाम सोप्याकडून कठीणाकडे दिले आहेत. पहिले दोन जमू लागल्यावर पुढचे घ्यावेत.

(अ) टॉवेल दाबणे. पलंगावर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी. पाच अंक मोजेपर्यंत दाब ठेवून सोडावे. प्रत्येक पायाने दहा वेळा करावे.

(आ) सरळ पाय उचलणे. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडावा व त्याचे पाऊल जमिनीवर टेकवावे. दुसरा पाय गुडघ्यात ताठ ठेवून सुमारे एक फूट वर उचलावा, पाच अंक मोजावेत आणि सावकाश खाली आणावा. दहा वेळा. कंबर दुखत असल्यास हा व्यायाम वगळावा.

(इ) खुर्चीवर बसून पाय सरळ करणे. पाठ टेकून बसावे. एक पाय हळूहळू समोर सरळ करून पाच अंक थांबावे व तितक्याच हळू खाली घ्यावा. दहा वेळा. दोन आठवड्यांनी सहज जमू लागल्यास घोट्यास अर्धा किलो तांदळाची किंवा वाळूची पुरचुंडी बांधावी.

(ई) खुर्चीवरून उठबस. हा सर्वांत उपयोगी व्यायाम होय, कारण दिवसभर आपण हेच करतो. आरंभी खुर्चीवर एक उशी ठेवून बैठक उंच करावी व हातांचा आधार घ्यावा. बसताना तीन अंक मोजत सावकाश बसावे, कारण ब्रेकचे काम येथेच शिकले जाते. आठ ते दहा वेळा करावे. पुढे उशी काढावी, त्यानंतर हातांचा आधार सोडावा.

(उ) एक पायरी चढउतार. कठड्यास धरून सर्वांत खालच्या, कमी उंचीच्या पायरीवर एक पाय ठेवून वर चढावे व सावकाश उतरावे. प्रत्येक पायाने आठ वेळा.

(ऊ) पाय बाजूस नेणे. ओट्यास किंवा भिंतीस धरून उभे राहावे. एक पाय ताठ ठेवून बाजूस थोडा न्यावा व परत आणावा. दहा वेळा. याने कुल्ल्याचे स्नायू बळकट होतात आणि चालताना तोल सावरतो.

७. किती करावे आणि दुखल्यास काय करावे

पहिले दोन व्यायाम रोज करता येतात. बाकीचे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून करावेत. व्यायाम करताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब वाढतो. "एक, दोन, तीन" असे मोठ्याने मोजल्यास श्वास आपोआप चालू राहतो. नामस्मरण करीत मोजले तरी हरकत नाही.

थोडे दुखणे म्हणजे अपाय नव्हे. शून्य म्हणजे काहीच नाही व दहा म्हणजे असह्य, असे धरल्यास पाचपर्यंतचे दुखणे चालते, परंतु ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले पाहिजे. तसे न झाल्यास किंवा गुडघा सुजल्यास व्यायाम सोडून न देता संख्या निम्मी करावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवेलच असे नाही. सहा ते आठ आठवडे नेटाने करावे. पुष्कळांचा व्यायाम मध्येच सुटतो, म्हणून घरातील सूनबाईंनी, नातवंडांनी आठवण करून देण्याचे पुण्य अवश्य घ्यावे.

वजन अधिक असल्यास तेही उतरवावे. गुडघा झिजलेल्या स्थूल व्यक्तींच्या चालण्याचा अभ्यास करून संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की, एक किलो वजन उतरले असता प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. चालण्यासाठी सपाट व सावलीची जागा निवडावी. आपल्याकडे दादऱ्याचे वनगंगा उद्यान त्यास सोयीचे आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळून घराच्या ओसरीवर फेऱ्या माराव्यात.

८. मंदिरात वावरताना

पायऱ्या चढताना चांगला पाय प्रथम वर टाकावा. उतरताना दुखरा पाय प्रथम खाली टाकावा. कठड्यास धरावे. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची घ्यावी, मागच्यांची घाई मनावर घेऊ नये. तरुण भाविकांनीही मागून लगट करू नये, ही नम्र विनंती.

सभामंडपातील खुर्च्यांवर बसण्यास पुष्कळ ज्येष्ठ मंडळी संकोच करतात. "देवासमोर खुर्चीवर कसे बसावे?" असे ते म्हणतात व त्यापेक्षा न येणे पत्करतात. विश्वस्त मंडळाच्या वतीने आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की, जमिनीवर मांडी घालून बसणे ही आपली रीत आहे, अट नव्हे. कीर्तनात व महाप्रसादाच्या पंगतीतही खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही. उलट त्याच खुर्चीवरून आरतीस हातांच्या आधाराविना सावकाश उठावे व सावकाश बसावे. वर सांगितलेला चौथा व्यायाम याहून निराळा नाही. ज्यांचा गुडघा सुजलेला नाही त्यांनी अधूनमधून जमिनीवर बसण्यास आडकाठी नाही, परंतु फार वेळ उकिडवे किंवा मांडी घालून बसू नये. प्रदक्षिणा जमतील तेवढ्या घालाव्यात, संख्येचा हट्ट धरू नये.

वणीच्या सप्तशृंगी गडास किंवा पंढरीच्या वारीस पायी जाण्याचा संकल्प ज्यांनी केला असेल, त्यांनी निघण्यापूर्वी किमान दोन महिने हा व्यायाम व रोजचे चालणे आरंभावे. संकल्पाआधीची ही पूर्वतयारी चुकवून नंतर गुडघ्यांना दोष देणे योग्य नव्हे.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे

गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर भार टाकता येईनासा झाला, गुडघा मध्येच अडकू लागला, पोटरी एकाएकी सुजली, किंवा रात्री झोपेतही वेदना होऊ लागली, तर व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब अथवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आरंभापूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा. सिल्वासा येथे सरकारी रुग्णालय आहे, तेथे प्रथम जावे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांचा मूत्रपिंडावर व जठरावर दुष्परिणाम होतो.

काहींना अखेरीस गुडघा बदलावा लागतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तिचे नाव घरोघरी पोहोचले. तथापि नवा सांधा बसवला म्हणून नवी मांडी मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास हेच, टॉवेल दाबण्याचे व पाय उचलण्याचे, व्यायाम करावे लागतात. ज्याची मांडी आधीच बळकट असते त्यास त्या वेळी ते सोपे जातात. म्हणून शस्त्रक्रिया टळो वा न टळो, केलेला व्यायाम वाया जात नाही.

ज्या माउली पायरीपाशी थांबून कळसास हात जोडतात, त्यांची भक्ती कमी आहे असे कोण म्हणेल? देव तेथूनही त्यांचा नमस्कार पावतो. परंतु त्यांना गाभाऱ्यासमोर उभे राहावेसे वाटते आणि आम्हांसही त्या तेथे हव्या आहेत. आपल्या घरी अशी कोणी आजी, काकू किंवा आजोबा असतील, तर हा लेख त्यांना वाचून दाखवावा, भिंतीशी एक खुर्ची ठेवावी आणि पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर दहा वेळा उठबस करावी. मग एखाद्या सकाळी हात धरून त्यांना मंदिरात आणावे.

आपले विनीत,
विश्वस्त मंडळ